मेंदूची खिडकी बंद होते म्हणजे नक्की काय बंद होतं?

कवडसा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक पाच वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी डोळे तपासले तेव्हा कळलं की डाव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर आहे आणि उजवा जवळजवळ ठणठणीत. इतकी वर्षं ती उजव्यानेच बघत होती, त्यामुळे आम्हाला पत्ताच लागला नाही. डॉक्टर म्हणाले आळशी डोळा. चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. "सात-आठ वर्षांच्या आत जेवढं होईल तेवढं करून घेऊ, नंतर मेंदूची खिडकी बंद व्हायला लागते," हे त्यांचं वाक्य. तेव्हापासून ती खिडकी डोक्यातून जात नाहीये.

पट्टी लावली की ती आधी गप्प बसते, मग चित्राची वही अगदी नाकाला लावून रंगवते, मग हळूच कोपरा सोलायला लागते. भुवईवर चिकटपणाचा लाल चौकोन राहतो. मी रोज तो चौकोन बघते आणि विचार करते की आत नक्की काय चाललंय. थोडं वाचलं तर सगळीकडे ग्लुटामेट रिसेप्टर, एनएमडीए, प्लॅस्टिसिटी असले शब्द. मी हिशेबाच्या क्षेत्रातली, दहावीनंतर जीवशास्त्राशी संबंध नाही.

कुणी साध्या मराठीत सांगेल का, की हे रिसेप्टर करतात काय, लहानपणी काय वेगळं असतं आणि ती खिडकी खरंच बंद होते का? आणि मनातला खरा प्रश्न, आम्ही उशीर केला का?

---

पिंपळपान

आधी शेवटच्या प्रश्नाचं. पाच वर्षं म्हणजे उशीर नाही हो. माझ्या भाचीचं साडेसहाला कळलं होतं. बाकीचं जाणकार सांगतीलच. धागा वाचनखूण करून ठेवतेय.

---

न्यूरॉनवेडा

कवडसाताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी याच विषयात काम करतो, उंदरांच्या मेंदूवर. जमेल तसं सांगतो, लांबेल, घाई असेल तर उद्या वाचा.

दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. पहिली पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरीच्या अंगावरचे रिसेप्टर ते ओळखतात आणि आपली दारं उघडतात. मेंदूत पुढच्या पेशीला चेतवण्याचं बहुतेक काम ग्लुटामेट करतं.

आता ग्लुटामेट ओळखणारे रिसेप्टर बरेच आहेत, पण या गोष्टीत मुख्य दोन. एक एएमपीए. हा सरळमार्गी, ग्लुटामेट आलं की उघडतो, सोडियम आत घेतो, काही मिलिसेकंदात मिटतो. निरोप पोचवायचा, संपलं. दुसरा एनएमडीए, आणि याच्यातच सगळी गंमत आहे. याच्या नळीत मॅग्नेशियमचा आयन बूच मारल्यासारखा बसलेला असतो. नुसतं ग्लुटामेट आलं तरी बूच निघत नाही. दुसरी पेशी त्याच वेळी आधीच चेतलेली असेल, म्हणजे तिचा आतला ऋणभार बराच कमी झालेला असेल, तरच ते बूच उडतं. (सोबत ग्लायसिन किंवा डी-सेरीनही लागतं, ते सध्या बाजूला ठेवू.) बुचाची ही भानगड १९८४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवली.

म्हणजे बघा, हा रिसेप्टर फक्त तेव्हाच पूर्ण उघडतो जेव्हा 'पहिली बोलली' आणि 'दुसरी चेतली' या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये नुसत्या तर्कावर म्हटलं होतं की ज्या पेशी मिळून काम करतात त्यांची जोडणी पक्की होत असावी. तो योग जुळला की नाही हे तपासणारा रेणू खरोखरच निघाला, ही गोष्ट मला इतक्या वर्षांनीही भारी वाटते.

उघडल्यावर यातून कॅल्शियम आत येतं आणि पुढचं सगळं त्या कॅल्शियमवर. भरपूर आणि झटकन आलं तर आतले काही एन्झाइम जागे होतात आणि सिनॅप्सवर जास्तीचे एएमपीए रिसेप्टर आणून बसवले जातात. पुढच्या वेळी तोच निरोप मोठ्याने ऐकू येतो. थोडंथोडं आणि रेंगाळत आलं तर दुसरे एन्झाइम पुढे येतात आणि एएमपीए काढून घेतले जातात. जोडणी कमकुवत. एकच दार, एकच कॅल्शियम, पण किती आणि कसं आलं त्यावरून उलटे निकाल.

लहानपणी काय वेगळं ते उद्या लिहितो, आता प्रयोग लावलाय.

---

खटपट्या

बूच! आता हे आयुष्यभर विसरणार नाही. शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी वाणिज्य शाखेला गेलोच नसतो.

---

मास्तर_जीवशास्त्र

न्यूरॉनवेडा, सुंदर. इतिहासाची थोडी भर घालतो. जोडणी पक्की होते हे प्रत्यक्ष मोजलं गेलं ते ऑस्लोमध्ये, सशाच्या हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी संबंधित भागावर. टिम ब्लिस आणि तेरये ल्योमो यांचा तो शोधनिबंध १९७३ चा. एका वाटेवर वेगाने विजेचे ठोके दिले आणि त्यानंतर त्या वाटेचा प्रतिसाद तासन् तास वाढलेला राहिला. तेव्हा एनएमडीए रिसेप्टरचं नावही या गोष्टीत नव्हतं. आधी घटना सापडली, तिचं यंत्र दहा वर्षांनी. मुलांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात सगळं एकाच दिवशी सापडल्यासारखं छापलेलं असतं.

आणि आळशी डोळ्याचं मूळ ह्यूबेल आणि वीझल यांच्या मांजरांत. १९६० च्या दशकात त्यांनी पिल्लांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली. उघडल्यावर डोळा निरोगी, दृष्टिपटल निरोगी, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी त्या डोळ्याला दादच देईनात. सगळ्या दुसऱ्या डोळ्याच्या झालेल्या. मोठ्या मांजराची पापणी तशीच शिवली तर असं काही झालं नाही. तुमच्या डॉक्टरांची खिडकी ती हीच. १९८१ चं नोबेल.

---

सावली

बिचारी पिल्लं. कळतं की त्यातूनच लाखो मुलांचे डोळे वाचले, तरी वाचताना कसंतरी होतं.

---

मास्तर_जीवशास्त्र

@सावली, खरंय. वर्गात सांगताना मीही त्या जागी थांबतो.

---

शंकासुर

ह्यूबेल-वीझलची मांजरं ठीक. पण त्यात एनएमडीएचा संबंध कुठून आला? दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे नातं सिद्ध होत नाही.

---

न्यूरॉनवेडा

शंकासुर, बरोबर प्रश्न. १९८७ मध्ये क्लाइनश्मिट, बेअर आणि सिंगर यांनी मांजराच्या पिल्लांच्या दृष्टिकेंद्रात एनएमडीए बंद करणारं औषध थेट सोडत ठेवलं आणि मग एक डोळा झाकला. जिथे औषध होतं तिथल्या पेशींनी पक्ष बदललाच नाही. झाकलेल्या डोळ्याची जागा गेली नाही.

आणि त्याच वर्षीचं, माझं सगळ्यात आवडतं, तीन डोळ्यांचे बेडूक. बेडकाच्या भ्रूणावर तिसरा डोळा रोपण केला तर त्याचे तंतू मेंदूच्या अशा भागात जातात जिथे एरवी एकाच डोळ्याचे तंतू पोचतात. मग दोन डोळे एकाच जागेवर हक्क सांगतात आणि आपोआप पट्टे पडतात, एक पट्टा याचा, एक त्याचा. बेडकाच्या मेंदूत असे पट्टे निसर्गतः नसतात हो! जनुकांत कुठे लिहिलेलं नाही, कारण तीन डोळ्यांचा बेडूक कधी नव्हताच. शेजारशेजारच्या पेशी एका वेळी चेततात, त्यांच्या जोडण्या एकत्र टिकतात, त्यातूनच पट्टे. एनएमडीए बंद करणारं औषध दिलं तर हे पट्टे विस्कटतात, आणि औषध काढलं की परत जुळतात. मार्था कॉन्स्टंटिन-पेटन आणि हॉलिस क्लाइन यांचं काम.

---

खटपट्या

तीन डोळ्यांचा बेडूक वाचून आज ऑफिसात काम झालेलं नाही. पाच जणांना सांगून झालं.

---

न्यूरॉनवेडा

आता कवडसाताईंचं, लहानपणी काय वेगळं.

तीन गोष्टी सांगतो. पहिली, नवजात मेंदूतले बरेच सिनॅप्स मुके असतात. त्यांच्यावर एनएमडीए असतो पण कामाचा एएमपीए नसतो. म्हणजे बूच बसलेलं दार आहे आणि ते उडवायला लागणारा धक्का देणारं कुणी नाही. १९९५ मध्ये दोन गटांनी हे दाखवलं आणि मी विद्यार्थी असताना हा प्रयोग स्वतः केलाय, तो तुम्हाला सांगायचाच आहे, कारण तुमच्या पट्टीसारखंच त्याचंही इंग्रजी नाव पॅचच आहे. पॅच क्लॅम्प.

काचेची नळी तापवून ओढायची, टोक इतकं बारीक की उघड्या डोळ्याला दिसत नाही, एक-दोन मायक्रॉनचं. उंदराच्या मेंदूचा एक-तृतीयांश मिलिमीटर जाडीचा काप खारट पाण्यात, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे. सूक्ष्मदर्शकातून बघत टोक एका पेशीवर आणायचं. पेशीच्या पृष्ठभागावर खळी पडलेली दिसते, गालावर बोट टेकल्यासारखी. मग नळीला जोडलेल्या रबरी ट्यूबमधून तोंडाने अगदी हलकं ओढायचं. पडद्यावरची रेघ एकदम सपाट होते. काच आणि पेशी चिकटली. आणखी एक झटका आणि तुम्ही पेशीच्या आत.

आता पेशीला उणे सत्तर मिलिव्होल्टवर, म्हणजे बूच जागेवरच राहील असं, धरून ठेवायचं आणि शेजारच्या तंतूला ठोका द्यायचा. काही नाही. रेघ सपाट. पुन्हा ठोका. काही नाही. वाटतं इथे जोडणीच नाहीये. मग पेशीला अधिक चाळीसवर नेऊन धरायचं, म्हणजे बूच आपण स्वतः काढून ठेवलं. तोच ठोका. आणि रेघेवर लांब, संथ उतरणारा डोंगर उमटतो. जोडणी होती! ऐकत होती, बोलू शकत नव्हती. त्या दिवशी रात्री दीड वाजता लॅबमध्ये मी एकटा होतो आणि कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं होतं.

दुसरी गोष्ट. एएमपीए नाही तर मग बाळाच्या मेंदूत पहिला धक्का कोण देतं? तर बऱ्याच अंशी गाबा, ग्लुटामेटसारखंच निरोप नेणारं दुसरं रसायन. मोठ्या मेंदूत गाबा म्हणजे ब्रेक. पण कोवळ्या पेशीत क्लोराइड जास्त साठलेलं असतं, त्यामुळे गाबाचं दार उघडलं की क्लोराइड उलटं बाहेर जातं आणि पेशी दबण्याऐवजी चेतते. येहेझ्केल बेन-आरी यांच्या गटाने १९८९ मध्ये हे मांडलं. पुढे पंप बदलतात आणि गाबा ब्रेक होतो. त्याआधी बूच सैल करायला तोच हातभार लावतो.

तिसरी, खिडकीशी जवळची. एनएमडीए चार तुकड्यांचा असतो. लहानपणी त्यात २बी नावाचा तुकडा जास्त, मोठेपणी २ए वाढतो. २बी असलेलं दार हळू मिटतं, कॅल्शियम जास्त वेळ येत राहतं, आणि जोडणी पक्की करणाऱ्या एन्झाइमला तो थेट धरूनही ठेवतो. २ए असलेलं पटकन मिटतं, म्हणजे योग जास्त नेमका जुळावा लागतो. आणि हा बदल नुसत्या वयाने होत नाही. अंधारात वाढवलेल्या उंदरांत तो रखडतो, आणि दोनेक तास उजेड दाखवला तरी २ए वाढायला लागतो. बघण्यानेच बघण्याचं यंत्र बदलतं.

---

कवडसा

न्यूरॉनवेडा, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा लेक मांडीवर झोपली होती. "ऐकत होती, बोलू शकत नव्हती" इथे डोळ्यात पाणी आलं, का ते माहीत नाही.

एक शंका. म्हणजे २बी जाऊन २ए आलं की खिडकी बंद, असंच ना?

---

शंकासुर

असं नाही! इथेच मला खोडा घालायचा होता. हे चित्र फार गोंडस आहे आणि बऱ्याच ठिकाणी असंच छापतात. पण २ए जनुकच काढून टाकलेल्या उंदरांवर २००३ मध्ये काम झालंय. त्या हिशेबाने त्यांची खिडकी उघडीच राहायला हवी होती. राहिली नाही. एक डोळा झाकण्याचा परिणाम उलट क्षीण झाला आणि तोही नेहमीच्याच वयात. म्हणजे २बी-२ए बदल महत्त्वाचा आहे, पण कडी लावणारा तो नाही.

---

न्यूरॉनवेडा

शंकासुर, मान्य, आणि तुम्ही हे वाचलेलं आहे याचा आनंद झाला. मी 'खिडकीशी जवळची' असं म्हटलं ते याचसाठी, पण नीट सोडवून सांगायला हवं होतं.

ताई, जोडणी बदलण्याचं अवजार ग्लुटामेटचे रिसेप्टर. पण ते अवजार कधी मोकळेपणाने चालू द्यायचं हे ठरवण्यात ब्रेकवाल्या पेशींचा, म्हणजे मोठ्या झालेल्या गाबाचा, फार मोठा हात आहे. ताकाओ हेन्श यांच्या १९९८ च्या कामात, ज्या उंदरांत गाबा कमी बनतं त्यांची खिडकी उघडलीच नाही, आणि गाबाचा परिणाम वाढवणारं औषध दिल्यावर उघडली. पुढे त्या ब्रेकवाल्या पेशींभोवती साखर-प्रथिनांची जाळी विणली जाते आणि सगळं घट्ट होतं. २००२ मध्ये इटलीत प्रौढ उंदरांच्या मेंदूतली ती जाळी एन्झाइमने विरघळवली तर एक डोळा झाकण्याचा परिणाम पुन्हा दिसायला लागला. म्हणजे प्रौढ मेंदूतही एनएमडीए असतो, चालतो, आपण हे वाचताना आत्ताही चालतोय. फक्त त्याच्याभोवती सगळं आवळलेलं असतं.

त्यामुळे खिडकी हा शब्द मला कधीच आवडला नाही. भिजवलेल्या मातीसारखं आहे ते, हळूहळू घट्ट होत जातं.

---

मध्यरात्र

मग २बी जास्त घातलं तर हुशार होता येईल का? सिरियसली विचारतोय, परीक्षा तोंडावर आहे.

---

मास्तर_जीवशास्त्र

मध्यरात्र, १९९९ मध्ये उंदरांवर हे केलं गेलंय. जो त्सिएन यांच्या गटाने पुढच्या मेंदूत २बी वाढवलं आणि ते उंदीर शिकण्या-आठवण्याच्या बऱ्याच चाचण्यांत सरस ठरले. खूप गाजले. दोन वर्षांनी दिसलं की त्याच उंदरांना इजा झाल्यावर वेदनाही जास्त काळ जाणवते. दुखणंसुद्धा मेंदू शिकतोच की. तू झोप पूर्ण घे आणि अभ्यास कर.

---

बोलकी_बाहुली

थोडं अवांतर पण याच गावचं. मी लहान मुलांच्या वाचा-भाषेचं काम करते. त आणि ट मधला फरक आपल्याला इतका सहज ऐकू येतो की तो शिकावा लागतो हे खरंच वाटत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरातल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले असेच दोन ध्वनी ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांचा तो गेला. कानाला काहीही झालेलं नसताना.

पण तेच लोक मोठेपणी मराठी शिकायला बसले आणि कसून सराव केला तर त-ट पुष्कळ सुधारतो, हे मी स्वतः पाहिलंय. लहान बाळ हे फुकटात शिकतं, मोठ्याला लक्ष देऊन, चुकून, पुन्हा करून शिकावं लागतं. म्हणून मला न्यूरॉनवेडांची भिजलेली माती पटली.

---

पिंपळपान

आमच्या जावयाला ळ शिकवताना हीच माती चार वर्षं तिंबतोय. आता 'बाळ' म्हणतो, 'केळं' अजून 'केलं' आहे.

---

डोळसपणे

उशिरा आले धाग्यावर. मी दृष्टितपासणीच्या क्षेत्रात आहे, आळशी डोळ्याची मुलं रोज बघते. वरचं शास्त्र वाचून मलाच खूप उलगडलं, पण ताईंना व्यवहारातलं सांगते.

दोन तास पट्टी ऐकून बऱ्याच आईबाबांना वाटतं की डॉक्टर ढिलाई करतायत, आपण सहा तास लावू. मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्यात, सात वर्षांखालच्या मुलांत, दोन तास आणि सहा तास यांची तुलना २००३ मध्ये झाली आणि सुधारणा सारखीच निघाली. तेव्हा स्वतःहून तास वाढवू नका, चांगल्या डोळ्यालाही जपायचं असतं.

आणि सात ते सतरा वयाच्या मुलांवर २००५ चा मोठा अभ्यास आहे. सात ते बारा वर्षांच्यांत चष्म्यासोबत पट्टीसारखे उपचार दिल्यावर ५३ टक्के मुलांना ठरवलेल्या मापाइतका फायदा झाला, नुसत्या चष्म्यावर २५ टक्के. तेरा ते सतराच्यांतही, ज्यांना आधी उपचारच मिळाले नव्हते अशांना पट्टीचा फायदा दिसला. म्हणजे आठव्या वाढदिवसाला काही खटकन बंद होत नाही. पण लवकर केलेलं सोपं जातं हेही तितकंच खरं. लेक पाचची आहे, चष्मा लागला, पट्टी चालू आहे, तुम्ही वेळेत आहात.

पट्टीच्या वेळात जवळून बघायचं काम द्या. मणी ओवणं, ठिपके जोडणं, बारीक रंगवणं. वही नाकाला लावते तर लावू दे, ती धडपडतेय म्हणजे डोळा कामाला लागलाय.

---

न्यूरॉनवेडा

डोळसपणे यांनी चांगल्या डोळ्याचं जे म्हटलं त्याला जोडून. १९९९ मध्ये मार्क बेअर यांच्या प्रयोगशाळेतून आलेला निकाल मला अजून विचारात पाडतो. मांजराच्या पिल्लात पापणी बंद केली तर त्या डोळ्याच्या जोडण्या लवकर कमकुवत होतात. पण त्याच डोळ्याचं दृष्टिपटल औषधाने पूर्ण गप्प केलं तर तेवढ्या होत नाहीत! बंद पापणीतूनही धूसर, विस्कळीत संकेत येत राहतात, ते कशाशीच जुळत नाहीत, एनएमडीएतून थोडंथोडं कॅल्शियम झिरपत राहतं आणि तेच 'ही जोडणी काढा' असा आदेश ठरतं. शांततेपेक्षा अर्थहीन आवाज जास्त घातक.

म्हणून ताई, पट्टीच्या आधी चष्मा. लेकीच्या डाव्या डोळ्यातून इतकी वर्षं धूसर चित्र जात होतं. चष्म्याने ते स्पष्ट झालं, आता जुळण्याजोगं काहीतरी मेंदूला मिळतंय. पट्टी दोन तास, चष्मा दिवसभर.

---

कवडसा

अय्या, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही पट्टीवर सगळा जोर लावत होतो आणि चष्मा ती खेळताना काढून ठेवायची, आम्हीही सोडून द्यायचो. आजपासून बंद.

---

सावली

मला थोडं वेगळं विचारायचंय. माझ्या भाच्याला फ्रॅजाइल एक्स आहे, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे बौद्धिक वाढ मागे पडते तो विकार. डॉक्टरांनीही ग्लुटामेटचंच काहीतरी सांगितलं होतं, पण दुसरा कुठला रिसेप्टर.

---

न्यूरॉनवेडा

सावली, तो एमग्लूआर५. हा दार उघडणारा नाही, आत निरोप देणारा, आणि त्या निरोपावर सिनॅप्सजवळ नवी प्रथिनं बनतात. फ्रॅजाइल एक्समध्ये ज्या प्रथिनाची उणीव असते ते एरवी या कामावर लगाम ठेवतं. लगाम गेला की निरोपाचा परिणाम अवाजवी होतो, ही मांडणी २००४ ची. उंदरांत हा रिसेप्टर दाबल्यावर बऱ्याच गोष्टी सुधारल्या. माणसांवर मोठ्या आशेने चाचण्या झाल्या, आणि ठरवलेली सुधारणा दिसली नाही. मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. वयाचा, औषध किती लहानपणी सुरू करायचं याचा प्रश्न अजून खुला आहे आणि त्यावर काम चालू आहे.

---

सावली

धन्यवाद. सरळ सांगितलंत ते बरं वाटलं.

---

खटपट्या

एक ऐकीव. खाण्यातलं ग्लुटामेट मुलांच्या मेंदूत जाऊन हे सगळं बिघडवतं म्हणे?

---

मास्तर_जीवशास्त्र

नाही रे बाबा. खाल्लेलं ग्लुटामेट बहुतेक आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात, आणि उरलेल्याला रक्त-मेंदू अडसर फारसं आत सोडत नाही. आईच्या दुधात मोकळ्या अमिनो आम्लांत सगळ्यात जास्त ग्लुटामेटच असतं. भीतीचं मूळ १९६९ च्या प्रयोगात आहे, तेव्हा नवजात उंदरांना ते टोचून, फार मोठ्या मात्रेत दिलं होतं.

---

तिरीप

वाचतोय पहिल्यापासून. मी चाळिशीचा, माझा उजवा डोळा आळशी. माझ्या वेळी कुणी पट्टी लावली नाही, कळलं तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि "आता काही होत नाही" म्हणून परत पाठवलं. कडू नाहीये त्याबद्दल, गाडी चालवतो, सगळं करतो. सुईत दोरा ओवताना आणि चेंडू झेलताना तेवढं कळतं की खोली कमी पडते.

कवडसा, तुमची लेक आत्ता चिडत असेल. मला कुणीतरी चिडवून, रडवून ती पट्टी लावली असती तर मी आज त्याचे आभार मानले असते. लावा.

---

शंकासुर

तिरीप, प्रतिसाद आवडला. मी इथे खोडे घालत बसलो पण हे सगळ्यात महत्त्वाचं.

---

कवडसा

मंडळी, तीन महिन्यांनी धागा वर काढतेय.

काल तपासणी झाली. डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या आधीपेक्षा दोन ओळी खालचं वाचलं. तिसऱ्या ओळीतली तीन अक्षरं बरोबर, दोन चुकली. मी मागे खुर्चीत बसले होते, तिच्या आधी माझेच ओठ हलत होते.

चष्मा आता आंघोळ आणि झोप सोडून दिवसभर. पट्टीच्या वेळात मणी ओवतो. सुरुवातीला सुतळी लागायची, आता साधा दोरा चालतो. तिला बुचाची गोष्ट सांगितलीये, त्यामुळे पट्टी काढताना रोज विचारते, आज किती बुचं उडाली? मी म्हणते, हजार. @तिरीप, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला आणि त्यानंतर आमच्या घरात पट्टीवरून वाद झाला नाही.

आता एकच विचारायचंय. पुढच्या वेळी असंच दिसलं तर पट्टी लगेच थांबवायची का?

---

डोळसपणे

दोन ओळी! शाब्बास लेकीला.

नाही, स्वतःहून थांबवायची नाही. उपचार थांबवल्यावर वर्षभरात साधारण चारातल्या एका मुलाची नजर थोडी परत घसरते, म्हणून थांबवल्यानंतरही तपासण्या चालू ठेवतात. जास्त तास चालू असेल तर बरेच जण हळूहळू कमी करत आणतात. तुमचे दोनच तास आहेत, ते कधी आणि कसे सोडायचे ते डॉक्टर दृष्टी स्थिर झाल्यावर सांगतील. चष्मा मात्र राहणार.

---

न्यूरॉनवेडा

ताई, लॅबमधल्या सगळ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. जुळलेल्या जोडण्या नव्या असतात तोवर सैल असतात, त्यांना वापर हवा. मणी चालू ठेवा, दोरा आणखी बारीक करा.

---

कवडसा

बारीक दोरा आणलाय. आज सव्वीस मणी झाले.